मधूच्या तुरीतली पांदण

मधू, तुझ्या शोकसभेत तिघांनी तुला शांत स्वभावाचा माणूस म्हटलं. मी खाली मान घालून बसलो होतो. लोकांना वाटलं रडतो आहे. तू आणि शांत! कारंजाच्या हायवेवर उलट्या बाजूने घुसलेला ट्रक तू हातात पाना घेऊन अडवलेला मी पाहिला आहे, आणि त्याच ड्रायव्हरला नंतर तुझ्या गॅरेजात बसवून चहा पाजलेलाही. मला बोलायला उठवलं तेव्हा दोन वाक्यं कशीबशी बोललो आणि बसलो. जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं, आणि तुझ्याशी तर माझं भांडण चालू होतं. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी सवय जुनीच. या वेळी जरा अतीच केलंस.

आपल्या क्लबात क्लबासारखं काहीच नव्हतं. सात गाड्या, सात डोकी आणि तुझा शब्द. गाड्या तरी काय, एक तुझी खडखडणारी पेट्रोल जीप, एक माझी सेकंडहँड, जी तूच माझ्या गळ्यात मारलीस, आणि आर्वीच्या डॉक्टरांची ती नवीकोरी, जिच्यावर काटा घासला की ओरखडा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर उमटायचा. सगळ्यांत एकच गोष्ट सारखी, चारही चाकांना जोर. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी निघायचं, शेतांमधल्या पांदणींनी, म्हणजे बैलबंड्यांच्या वाटांनी, झुडपी जंगलातून, नाले ओलांडत. कुणाच्या तरी वावरात तंबू ठोकायचे, गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी रटरटवायची आणि रविवारी संध्याकाळी धुळीने माखून घरी. माझी बायको विचारायची, इतका चांगला डांबरी रस्ता असताना तुम्ही काट्यात काऊन जाता? तू तिला सांगितलंस, डांबरीनं गेलं तर वहिनी, गाव दिसते, वावर नाई दिसत.

तुझे नियम मात्र क्लबाचे नव्हते, पलटणीचे होते. नाल्यात गाडी घालायच्या आधी ज्याची गाडी त्याने बूट काढून नाला पायी चालून यायचा. दुसऱ्याला पाठवायचं नाही. डॉक्टर पहिल्यांदा पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरले तेव्हा त्यांची मिसेस खिडकीतून व्हिडिओ काढत होती. फाट्यावर मागची गाडी आरशात दिसल्याशिवाय पुढे वळायचं नाही. आणि उभ्या पिकात चाक घालायचं नाही, मग वावर स्वतःच्या बापाचं का असेना. हे शेवटचं तू दर वेळी म्हणायचास, आणि आम्ही दर वेळी माना डोलवायचो.

त्या फाट्याच्या नियमाने रोहण्याकडच्या फेरीत काय केलं ते आठवतं? डॉक्टर सर्वांत मागे, कुठल्याशा पक्ष्याचा फोटो काढायला थांबलेले. त्यांच्या पुढचा त्यांच्यासाठी फाट्यावर थांबला, त्याच्या पुढचा त्याच्यासाठी, आणि असे आपण सातही जण सात ठिकाणी एकमेकांची वाट पाहत पाच किलोमीटरभर पसरलो. फोनला रेंज नाही. दीड तास कोणीच हललं नाही. सर्वांत पुढे तू एका बोरीखाली बोरं खात बसला होतास. मी म्हटलं, हा नियम मूर्खपणाचा आहे. तू म्हणालास, दीड तास गेला, पण माणूस कोणी हरवला का सांग. मी तुझ्या हातातली उरलेली बोरं काढून घेतली आणि खात बसलो.

तू मला गाडी शिकवलीस तीही अशीच. पहिल्याच महिन्यात मी चिखलात पाटे टेकेपर्यंत रुतलो. डॉक्टर दोर घेऊन धावले, तर तू त्यांना अडवलंस आणि हाताची घडी घालून काठावर उभा राहिलास. टायरमधली हवा मीच कमी केली, चाकाखालची माती मीच उकरली, दगड मीच लावले. दोन तासांनी गाडी बाहेर आली तेव्हा माझ्या हाताला फोड आले होते. तू फक्त म्हणालास, आता तुला एकट्याला कुठंही पाठवायला हरकत नाही. त्या एका वाक्यावर मी पुढे किती वर्षं गाडी चालवली, हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

पण मूळ मुद्दा पांदणीचा आहे. तो टाळून चालणार नाही.

मी मोजणी खात्यातला माणूस. जुने गावनकाशे वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून क्लबाचा रस्ता आखायचं काम तू माझ्याकडे दिलंस. दिवाळीनंतरच्या फेरीचा मुक्काम तुझ्याच वावरात ठरला. तू म्हणालास, डांबरी रस्त्याने नको, मागच्या बाजूने झुडपी जंगलातून कुठून तरी आण, विज्या, नवीन काही तरी दाखव. मी घरी आपल्याच गावचा नकाशा पसरला. तुझ्या वावरातून एक पांदण सरळ पलीकडे जाते. नकाशावर ठसठशीत आहे. जमिनीवर ती चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी नांगरली गेली. तिच्या पलीकडे आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या आठ घरांची वावरं आहेत. त्यात एक माझ्या बापाचं होतं, आता माझा चुलतभाऊ प्रकाश ते वाहतो. पांदण गेल्यापासून आमच्या लोकांनी नाल्याच्या पात्रातून तीन किलोमीटरचा फेरा घातला. माझ्या आईने त्या फेऱ्याने डोक्यावर कापूस वाहिला. दोन वर्षांपूर्वी प्रकाशचं सोयाबीन नाल्याला पाणी होतं म्हणून बाहेर काढता आलं नाही, गंजीतच काळं पडलं.

तू आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो, एकमेकांचे डबे खाल्ले, पन्नाशीपर्यंत एकमेकांची लफडी निस्तरली. पण पांदणीबद्दल आपण एक अक्षर बोललो नव्हतो. मी बोललो असतो तर त्या क्षणी मी विज्या राहिलो नसतो, त्या आठ घरांचा माणूस झालो असतो, अशी मला भीती वाटायची. प्रकाशला पांदण खुली करून मागायचा अर्ज करायला सांगता आलं असतं. पण मग माझंच खातं तुझ्या दारात टेप घेऊन आलं असतं. म्हणून मी तिसरा मार्ग काढला. सातही गाड्यांचा रस्ता प्रकाशच्या वावराकडून त्याच पांदणीवर आखला, तुझ्या शेताच्या मागून. तू पुढे असणार होतास. त्या बाजूने तू आपल्या शेताकडे जन्मात कधी आला नव्हतास.

आणि झालंही तसंच. दुपारची तीनची वेळ. दोन्हीकडे फुटलेला कापूस, मधून आपण. तू मजेत होतास. मग तुझी जीप एका काटेरी कुंपणाशी थांबली. पुढे छातीएवढी तूर, पिवळ्या फुलाने भरलेली. तुरीच्या पलीकडे, शंभर पावलांवर, तुझ्याच विहिरीवरच्या मोटारघराचं टिनाचं छप्पर, आणि तिथे तुझ्या सालदाराने रोडग्यांसाठी पेटवलेल्या गोवऱ्यांचा धूर. तू खाली उतरलास. छपराकडे पाहिलंस, माझ्या कागदाकडे पाहिलंस, परत छपराकडे. मागून डॉक्टर फोन नाचवत आले आणि म्हणाले, साहेब, तुमचा नकाशा तर मधूभाऊंच्या तुरीतून जातो. सगळे हसले. मीही हसलो आणि म्हटलं, चुकलं असेल माझं.

एकाने सुचवलं, आपलीच तर तूर आहे, दोन ओळी मोडतील, घाला गाडी. तू त्याच्याकडे असं पाहिलंस की तो परत गाडीत जाऊन बसला. उभ्या पिकात चाक नाही. सात गाड्या एकेक करून मागे घेतल्या आणि नाल्याच्या फेऱ्याला लावल्या.

त्या फेऱ्यात डॉक्टरांची गाडी रुतली, आणि अशी रुतली की आपल्या सगळ्यांचे दोर, सगळी अक्कल आणि तुझ्या शिव्या कमी पडल्या. वरून काळी माती दिसत होती वाळलेली, आत नुसतं लोणी. शेवटी प्रकाश ट्रॅक्टर घेऊन आला. तुला रामराम केला, साखळी लावली, आपण मघापासून ओढत होतो त्याच्या नेमक्या उलट्या बाजूने ओढलं, आणि गाडी पाच मिनिटांत वर. तू त्याला विचारलंस की तुला कसं समजलं कुठून ओढायचं. त्याने साखळी गुंडाळता गुंडाळता सांगितलं.

"मी दरसाली इथंच फसतो ना, भाऊ."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर तुला बरं वाटलं असतं, तू भांडला असतास.

रोडगे त्या दिवशी फार चांगले झाले होते. डॉक्टरांनी पाच खाल्ले. तू ताट तसंच ठेवून मला विहिरीकडे घेऊन गेलास. दिवस बुडत होता, तुरीवर अजून थोडं ऊन होतं.

"विज्या, तू मुद्दाम आखली का बे रेघ?"

"नाई बे. जुना नकाशा होता. चुकली."

तू विहिरीच्या काठावर हात टेकवून उभा राहिलास.

"चुकली नाई. पांदन होती इथं. माह्या बापानं नांगरली. मी बंडीवर बसून पाहून राह्यलो होतो."

मधू, तू नाही म्हणशील म्हणून मी सगळी तयारी करून आलो होतो. गट नंबर पाठ होते, जुन्या मोजणीची नक्कल बॅगेत होती. तू कबूल करशील यासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. खरं बोलायची हिंमत तू केलीस, तीही स्वतःच्या बापाच्या विरुद्ध, आणि मी समोर उभा राहून खोटं बोललो. तू गेल्यापासून मला सर्वांत जास्त हेच बोचतं. ती रेघ मी मुद्दाम ओढली होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओढीन, त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण विहिरीपाशी तू विचारलंस तेव्हा हो म्हणायला हवं होतं. मी तुला कमी लेखलं. मला वाटलं, तू ऐकून घेऊ शकणार नाहीस.

मग मी म्हटलं, खोल मग पांदण. आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं ते महिनाभर चाललं. गॅरेजात, फोनवर, एकदा तर केळझरच्या गणपतीला बायकांना घेऊन गेलो होतो तिथे पायऱ्यांवरसुद्धा. तुझं म्हणणं, तालुक्यात इतक्या पांदणी दबल्या, मग माझीच का? माझं म्हणणं, कारण तू पांदणींचा क्लब चालवतोस, निदान तुला तरी लाज असावी. तू म्हणालास, त्या पट्ट्यात पुढच्या साली संत्रा लावायचा आहे. मी म्हटलं, लाव, मी खड्ड्यांचं माप फुकट करून देतो, फक्त पांदणीच्या बाहेर. तू चिडलास की मला 'साहेब' म्हणायचास. त्या महिन्यात मी एकंदर साहेबच होतो. तरी रोज फोन तूच करत होतास. हे आता लक्षात येतं. ज्याला विषय बंद करायचा असतो तो स्वतःहून फोन कशाला करील?

शेवटचा फोन गुरुवारी. तू म्हणालास, "तूर निघू दे, मंग पाहू."

आपल्याकडे 'मंग पाहू' कशाला म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या बापाने तुझ्या बापाला हात जोडून पांदण मागितली होती, तेव्हा त्यालाही हेच उत्तर मिळालं होतं. कापूस निघू दे, मग पाहू. मला राग आला आणि मी बोलून गेलो.

"तुह्या बापानंबी माह्या बापाले हेच म्हटलं होतं."

तू फोन ठेवलास. रविवारी सकाळी तू गॅरेजात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास आणि तुझ्या-माझ्यातलं शेवटचं वाक्य ते राहिलं. ते खोटं नव्हतं. पण तुला म्हणायचं नव्हतं. तू तुझा बाप नव्हतास, हे विहिरीपाशी तूच मला दाखवलं होतंस, आणि तरी मी ते म्हटलं. माफ कर, मधू. एवढं एक मी तुझ्या तोंडावर बोलू शकलो असतो तर बाकी भांडण राहिलं असतं तरी चाललं असतं.

तुझी तेरवी झाल्यावर प्रकाश माझ्याकडे आला. म्हणाला, दादा, आता अर्ज करू का? मी त्याला थांब म्हटलं. तुझ्या घरी, कुसुमवहिनीच्या दारात आत्ताच नोटीस पाठवायची माझी छाती नव्हती. पण पेरणीच्या आत काही ठरलं नाही तर तो पट्टा पुन्हा नांगरला जाणार आणि प्रकाश पुन्हा नाल्यातून जाणार, हेही दिसत होतं. 'मंग पाहू' म्हणून तू मला होकार दिला होतास की वाटेला लावलं होतंस, हे विचारायला तू नव्हतास. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करायचो आणि रोज वेगळ्या उत्तराला पोचायचो.

मागच्या सोमवारी वहिनीचा फोन आला. तूर सोंगून झाली, म्हणाली. "भाऊजी, वावरात येऊन जाजा. टेप घेऊन येजा."

टेप म्हटल्यावर मला वाटलं, प्रकाशच्या अर्जाची कुणकुण लागली असेल, वहिनीला आपली हद्द पक्की करून घ्यायची असेल, आणि त्यासाठी तिने माझ्यासारख्या घरच्या माणसाला बोलावलं. मी नकाशाची नक्कल खिशात घातली. रस्त्याने ठरवत होतो, वहिनी भांडली तरी आवाज चढवायचा नाही, पण खोटं बोलायचं नाही. एकदा बोलून पाहिलं होतं.

वावरात तुरीची नुसती धसकटं उभी होती. वहिनी कडेच्या धुऱ्यावर उभी होती, डोक्यावर पदर, हातात विळा. तिने पुढे बोट केलं. धसकटांच्या मधून, तुझ्या मोटारघरापासून पार मागच्या काटेरी कुंपणापर्यंत, दोन रांगांनी खुट्या ठोकलेल्या होत्या. बाभळीच्या, हातभर उंच, वरचं टोक ट्रकच्या उरलेल्या लाल रंगात बुडवलेलं. छातीएवढ्या तुरीत त्या इतके दिवस बाहेरून कुणाला दिसल्याच नव्हत्या.

वहिनीने सांगितलं ते असं. गुरुवारी फोन ठेवल्यावर तू जेवला नाहीस. शुक्रवारी गॅरेज बंद ठेवून सालदाराला घेऊन तुरीत शिरलास, आणि दोन दिवस दोरी लावून, एक झाड न मोडता, या खुट्या ठोकल्यास. तिने विचारलं की एवढी घाई कसली, तर म्हणालास, तूर निघाली की विज्याला टेप घेऊन बोलवायचं आहे, तो आल्यावर त्याच्यासमोर माझं तोंड उघडायचं नाही, तेव्हा खुट्याच बोलल्या पाहिजेत. रविवारी सकाळी तू मला फोन करणार होतास. तूर पाहायला नव्हे, रोडगे खायला बोलवायला.

मी धुऱ्यावर बसलो. वहिनीने मला रडू दिलं आणि स्वतः विळ्याने उगाच एक-दोन धसकटं काढत राहिली. मग मी उठलो, कारण मोजायला बोलावलं होतं. सालदाराने एक टोक धरलं, मी दुसरं. नकाशात पांदण साडेसोळा फूट आहे. तुझ्या दोन रांगांत बावीस भरली. मी तीन ठिकाणी मोजलं. तिन्ही ठिकाणी बावीस. मी वहिनीला सांगितलं की माप चुकलं आहे, मधूने साडेपाच फूट जास्त सोडली आहे, तुमचं नुकसान होईल, मी खुट्या आत घेऊन देतो.

"राहू द्या, भाऊजी. मीबी त्याईले म्हटलं होतं. तं म्हने, दोन बंड्या समोरासमोर आल्या तं कोनाच मानसाले मांगं घ्या लागू नये."

मोजणीच्या नोकरीत मला सव्वीस वर्षं झाली, मधू. चुकीचं माप मी कधी तसंच सोडलं नव्हतं. त्या दिवशी टेप गुंडाळला, प्रकाशला हाक मारली, आणि दोघांनी मिळून बावीस फुटांवरच चुना टाकला.